एस्टिमेट फुगलेलं नाही, अपुरं आहे

वाचकाचं पत्र:

«आमची मध्यम आकाराची एसयूव्ही तीन वर्षं दोन महिन्यांची आहे, पेट्रोल, १४९७ सीसी. चार दिवसांपूर्वी रात्री पारोळ्याहून एरंडोलकडे येत होतो. पुढं कापसाची ट्रॉली होती, तिला ना मागचा लाइट ना रिफ्लेक्टर. ब्रेक दाबला तरी धडक झालीच. आम्ही नवरा-बायको वाचलो. पुढच्या दोन्ही एअरबॅगा उघडल्या. विमा कंपनीला फोन करून ठेवला आहे, सर्व्हेअर अजून आलेला नाही. वर्कशॉपनं ४,६२,००० रुपयांचं एस्टिमेट हातात दिलं, त्याची प्रत सोबत जोडली आहे. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ८,६०,००० आहे, झिरो डेप (सुट्या भागांवर घसारा न कापणारं जादा विमा-कवच) घेतलेलं नाही. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, क्लेम करूच नका, १,४०,००० मध्ये गाडी उभी करतो. डॅशबोर्ड चिकटवून वरून रॅप करतो, रडार काढून टाकतो, एअरबॅगचा दिवा बंद करून देतो, एनसीबीही (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी सवलत) वाचेल. वर्कशॉप आम्हाला लुटतंय का? आणि गाडीत अ‍ॅडास (कॅमेरा-रडारनं धोका ओळखून आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा) असताना धडक झालीच कशी?»
– एरंडोल तालुक्यातील एक वाचक

नमस्कार भाऊ,

दोघं सुखरूप आहात, हे आधी बरं झालं. आता एस्टिमेटकडे वळू. ते ओळ न् ओळ तपासलं. लूट म्हणावी असं त्यात फारसं काही नाही. उलट दोन-तीन ओळी त्यात यायलाच हव्या होत्या आणि त्या आलेल्या नाहीत. सर्व्हेअर येण्याआधी त्या घालून घेतल्या नाहीत, तर तो पैसा पूर्ण तुमच्या खिशातून जाईल. गॅरेजवाल्याचा प्रस्ताव मात्र आज संध्याकाळीच मोडून टाका. कारण खाली हिशेबानं दिलं आहे.

४,६२,००० मध्ये पत्रा आणि रंग किती आहे ते बघा. बॉनेट, रेडिएटर सपोर्ट, रेडिएटर, कंडेन्सर मिळून ६४,०००. बंपर आणि ग्रिल २७,०००, एक हेडलाइट ३१,०००, मजुरी-रंग ३९,०००. झाले १,६१,०००. उरलेले ३,०१,००० सगळे सुरक्षेच्या यंत्रणेचे आहेत: ड्रायव्हर एअरबॅग ३८,०००, शेजारची ४६,०००, डॅशबोर्ड ६२,०००, एअरबॅगचं कंट्रोल युनिट २९,०००, प्रीटेन्शनरसह (धडकेत पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेसह) दोन सीटबेल्ट २८,०००, स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगमधल्या एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळी) ९,०००, पुढचे दोन इम्पॅक्ट सेन्सर ७,०००, पुढची काच २४,००० आणि रडार ५८,०००. म्हणजे दर तीन रुपयांतले दोन रुपये अशा वस्तूंचे, ज्या एकदाच वापरायच्या असतात किंवा केसभर सरकल्या तरी चुकतात. पूर्वी अशा धडकेत डेंटर-पेंटरचं बिल मोठं यायचं, आता ते बिलाच्या शेपटाकडे गेलं आहे.

डॅशबोर्ड का? शेजारची एअरबॅग डॅशबोर्डाच्या आतून तो फाडून बाहेर येते. बऱ्याच गाड्यांत तिचं झाकण वेगळं नसतं, डॅशबोर्डाच्या आतल्या बाजूला एक पातळ खाच असते आणि तिथून तो ठरलेल्या रेषेत फाटतो. ती खाच चिकटवून वर रॅप मारलं, तर पुढच्या वेळी बॅग कुठून फाडून निघेल याचा नेम नाही, आणि तुकडे तोंडावर येतील. एक गोष्ट मात्र वर्कशॉपला जरूर विचारा: तुमच्या मॉडेलला डॅशबोर्डाचा फक्त वरचा भाग वेगळा मिळतो का? मिळत असेल, तर ६२,००० ची ओळ चांगलीच खाली येईल.

सीटबेल्ट का? एअरबॅगबरोबर बेल्टमधली छोटी बारूदही पेटते आणि पट्टा काही सेंटिमीटर मागं ओढून माणसाला सीटला आवळते. ती एकदाच पेटते. तुमच्या गाडीत जाऊन बेल्ट ओढून बघा, बहुतेक तो अर्ध्यावर अडकलेला असेल. बकलचा दांडाही बघा. काही गाड्यांत बारूद बकलच्या बाजूलाही असते आणि पेटली की दांडा आखूड होतो. तुमच्या एस्टिमेटमध्ये बकलची ओळ नाही. दांडा खाली बसलेला दिसला तर ती आजच घालून घ्या. पट्ट्यावर, जिथं तो वरच्या कडीतून जातो तिथं, चकचकीत वितळल्यासारखा डाग दिसतो का तेही पाहा. बेल्टनं धडकेचा ताण घेतल्याची ती खूण असते.

कंट्रोल युनिट गिअरच्या पुढे, मधल्या कन्सोलखाली बोल्टनं घट्ट बसवलेलं असतं. धडक बसली की ते नोंद करून ठेवतं आणि बहुतेक कंपन्यांच्या नियमानुसार त्यानंतर बदलायचं असतं. गावोगावी ते ‘रीसेट’ करून मिळतं, म्हणजे लॅपटॉप लावून ती नोंद पुसतात. नोंद जाते, पण ज्या सर्किटनं एकदा बॅग पेटवली ते पुढच्या वेळी पेटवेल का, हे त्या पुसण्यातून कळत नाही.

आता तो दिवा. गॅरेजवाला ‘बंद करून देतो’ म्हणतो, म्हणजे नेमकं काय करणार? एअरबॅगच्या आत पेटवणारी एक बारीक तार असते, तिचा रोध साधारण २ ओहम असतो. गाडी चालू केली की कंट्रोल युनिट प्रत्येक बॅगेची वायर तपासतं आणि तेवढा रोध सापडला की ‘बॅग आहे’ असं समजतं. बॅगेच्या जागी तेवढ्याच ओहमचा, काही रुपयांचा एक रेझिस्टर प्लगमध्ये खोचला की युनिट फसतं आणि दिवा विझतो. स्टिअरिंगवर नवं झाकण, आत पोकळी. दुसरा प्रकार याहून कच्चा: दिवाच तोडतात, नाहीतर त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडतात. हे पकडता येतं. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागला पाहिजे आणि मग एकट्यानं विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा ऑइलच्या नाहीतर बॅटरीच्या दिव्याबरोबर नेमका विझला, तर गडबड आहे. रेझिस्टरची फसवणूक मात्र दिव्यावरून कधीच कळत नाही, झाकण उघडूनच कळते. जुनी गाडी घेणाऱ्यांनीही हे वाचून ठेवावं.

भंगारातून काढलेली एअरबॅग स्वस्तात मिळते, तीही नको. ती किती उन्हात पडली होती, पाण्यात बुडालेल्या गाडीची होती का, कंपनीनं परत बोलावलेल्या बॅचची होती का, काहीच कळत नाही. टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरचं (बॅग फुगवणाऱ्या भागाचं) जगभर जे झालं ते उष्णता आणि ओलाव्यानंच झालं: आतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं बिघडत गेलं आणि बॅग उघडताना धातूचे तुकडे उडाले. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला माल कोणत्या अवस्थेत असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

आता खिशातून काय जाईल ते बघू. झिरो डेप नसताना घसारा असा कापतात: प्लास्टिक, रबर, नायलॉन, बॅटरी आणि एअरबॅग सरसकट ५० टक्के, काच शून्य, बाकीचे भाग गाडीच्या वयाप्रमाणे. तीन वर्षं उलटली आणि चार पूर्ण व्हायची आहेत, म्हणून तुम्हाला २५ टक्के. (दोन महिन्यांपूर्वी हीच धडक झाली असती तर १५ टक्के लागले असते, पण त्याला इलाज नाही.) एअरबॅगांतून ४२,०००, डॅशबोर्डातून ३१,०००, बंपर-ग्रिलमधून १३,५०० आणि हेडलाइटमधून १५,५०० जातील. हेडलाइट आता प्लास्टिकचीच असते, म्हणून ५० धरले. कंट्रोल युनिट, क्लॉक स्प्रिंग, सेन्सर, रडार आणि पत्र्याचं सामान मिळून १,६७,००० होतात, त्याचे २५ टक्के ४१,७५०. बेल्टचे १४,०००. रंगाचे २०,००० धरले तर त्यातला चौथा हिस्सा मटेरियल मानतात आणि त्याच्या निम्मे, म्हणजे २,५००, कापतात. पॉलिसीची सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये. एकूण १,६१,२५०. जुन्या सामानाच्या भंगाराचे थोडे आणखी वजा होतील.

यात बेल्टवर वाद घालायला जागा आहे. पट्टा नायलॉनचा असतो म्हणून सर्व्हेअर अख्खा बेल्ट ५० टक्क्यांत टाकतो. पण बेल्टच्या किमतीतला मोठा वाटा लोखंडी रीळ आणि बारुदीच्या प्रीटेन्शनरचा आहे. २५ टक्के लावा असं लेखी मागा, मान्य झालं तर ७,००० वाचतात. क्लॉक स्प्रिंगबाबत उलट होऊ शकतं: तिचं घर प्लास्टिकचं असतं, त्यामुळे तिथं ५० लागले तर आश्चर्य नको.

आता गॅरेजवाल्याच्या १,४०,००० शी तुलना करा. एनसीबीही धरू. तीन वर्षं क्लेम नाही म्हणजे आज तुम्हाला ३५ टक्के आहे. क्लेम न केल्यास पुढची पाच वर्षं ४५, ५०, ५०, ५०, ५०. केल्यास ०, २०, २५, ३५, ४५. फरकाची बेरीज १२० टक्के, आणि तीही फक्त ‘ओन डॅमेज’च्या (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर, थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) हप्त्यावर नाही. तो हप्ता सवलतीआधी १४,००० धरला तर पाच वर्षांत १६,८०० होतात. म्हणजे क्लेमचा सगळा भार १,७८,००० च्या आसपास. १,४०,००० वर सुमारे ३८,००० जादा मोजले की दोन्ही एअरबॅगा, बेल्ट, डॅशबोर्ड, रडार, काच सगळं नवं आणि बिलासह मिळतं. न मोजल्यास मिळते स्टिअरिंगमध्ये पोकळी असलेली गाडी. शिवाय पुढं कधी क्लेम करायची वेळ आली आणि सर्व्हेअरला हे चिकटवलेलं काम दिसलं, तर ते आधीचं नुकसान म्हणून तो वजा करेल.

टोटल लॉसचीही शंका मनात असेल. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. तुमची ती रेषा ६,४५,००० आहे. फारच वाढीव नुकसान निघालं नाही तर तिथपर्यंत जाणार नाही.

आता एस्टिमेटमध्ये जे नाही त्याकडे येऊ. रडार ५८,००० चं लिहिलं, काच लिहिली, पण ‘कॅलिब्रेशन’ (कॅमेरा-रडारची नजर पुन्हा नेमकी जुळवणं) हा शब्द चार पानांत कुठेही नाही. काचेच्या वर, आरशामागे जो कॅमेरा आहे तो नव्या काचेवर बसला की त्याची नजर बदलते. ग्रिलमागच्या रडारचंही तसंच. रडारची दिशा एक अंश चुकली, तर १०० मीटरवर ती पावणेदोन मीटर बाजूला जाते. आपल्या महामार्गाची लेन साडेतीन मीटरची. म्हणजे बरोबर अर्धी लेन. मग गाडी शेजारच्या लेनमधल्या ट्रकसाठी ब्रेक मारते आणि समोरच्यासाठी मारत नाही. दुचाकीवाला मागं चिकटून असताना असा विनाकारण ब्रेक लागला तर काय होईल, त्याचा विचार करा.

आणि पैशाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं: कॅलिब्रेशन ही मजुरी आहे, सुटा भाग नाही. त्यामुळे तिच्यावर घसारा लागत नाही. एस्टिमेटमध्ये असेल आणि सर्व्हेअरनं मान्य केली तर ती पूर्ण मिळते. नसेल तर गाडी देताना वर्कशॉप ‘हे वेगळं लागेल’ म्हणतं आणि तेव्हा विमा कंपनी हात वर करते. म्हणून आजच या ओळी घालायला सांगा: दुरुस्तीआधी आणि नंतर पूर्ण स्कॅन, व्हील अलाइनमेंट, स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य, नव्या कंट्रोल युनिटचं कोडिंग, कॅमेरा कॅलिब्रेशन, रडार कॅलिब्रेशन. क्रमही हाच. अलाइनमेंट आधी आणि कॅलिब्रेशन शेवटी, कारण गाडी सरळ कोणत्या रेषेत धावते हे चाकांवरून ठरतं आणि कॅमेरा-रडार त्या रेषेला जुळवायचे असतात. उलटं केलं तर काम दोनदा करावं लागतं.

वर्कशॉपला सरळ विचारा: कॅलिब्रेशनचा बोर्ड आणि सपाट जागा तुमच्याकडे आहे का? एका प्रकारात गाडी समपातळीवर उभी करून, टायरची हवा नेमकी भरून, आतलं सामान काढून, समोर कंपनीनं सांगितलेल्या अंतरावर नक्षीचा बोर्ड लावतात. उतार असलेल्या अंगणात, दुपारच्या उन्हाच्या तिरपीत हे जमत नाही. दुसऱ्या प्रकारात स्कॅनर लावून ठरावीक वेगानं रस्त्यावर चालवतात आणि त्याला ठळक पांढरे पट्टे लागतात. कोणता प्रकार, की दोन्ही, हे मॉडेलवर ठरतं. सोय नसेल तर गाडी नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवावी लागेल. तो खर्चही एस्टिमेटमध्ये ‘बाहेरचं काम’ म्हणून आला पाहिजे. रस्त्यावरचं कॅलिब्रेशन असेल तर सकाळी, ऊन समोरून येणार नाही अशा दिशेनं करायला सांगा. समोरून तिरपं ऊन आलं की कॅमेरा पट्टे सोडतो, आणि उन्हाळ्यात काच तापली की काही गाड्यांत कॅमेरा स्वतःच काही वेळ बंद होतो.

कमी होऊ शकेल अशी एक मोठी ओळ रडारची आहे. त्याचं घर फुटलेलं नसेल, प्लग शाबूत असेल आणि स्कॅनमध्ये आतल्या बिघाडाचा कोड नसेल, तर नुसतं ब्रॅकेट वाकलेलं असण्याची शक्यता आहे. ब्रॅकेट रडारच्या मानानं किरकोळ पैशांत येतं. स्कॅन रिपोर्ट बघितल्याशिवाय ५८,००० ला होकार देऊ नका. घराला तडा असेल तर मात्र वाद नको, आत पाणी शिरतं. हेडलाइटचे फक्त कान (ती बसवायच्या बाजूच्या पट्ट्या) तुटले असतील, तर पुष्कळ मॉडेलना कानांचा दुरुस्ती संच मिळतो. काच घेताना कॅमेऱ्याचं ब्रॅकेट असलेलीच आली आहे ना, हे पार्ट नंबरवरून पडताळा. नवा बंपर पुट्टी भरलेला नसावा आणि रडारसमोरच्या भागावर रंगाचे जाड थर नसावेत, कारण रडारच्या लहरी त्यातूनच बाहेर जातात. करही बघा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. एखाद्या ओळीला २८ दिसले तर ती जुन्या यादीतून उचललेली आहे.

सर्व्हेअर येईपर्यंत एकही बोल्ट उघडू देऊ नका. नुकसान ५०,००० वर आहे, म्हणून परवानाधारक सर्व्हेअरच येईल. उघडल्यावर आत आणखी काही निघालं की पुरवणी एस्टिमेट करून त्याला पुन्हा दाखवायचं, नंतर फोटो पाठवून भागत नाही. त्यानं कोणत्या ओळीला किती टक्के कापले तो तक्ता मागा, आणि अहवालाची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. वाद अडलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा, तिथं फी लागत नाही.

ट्रॉलीला मागं लाइट नव्हता, हे पोलीस पंचनाम्यात लिहून आलं आहे का ते पाहा. आलं असेल आणि ट्रॅक्टरचा विमा असेल, तर खिशातून गेलेल्या रकमेसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो. वकिलाचा सल्ला घ्या. झटपट काही मिळणार नाही, पण दीड लाखाचा प्रश्न आहे.

अ‍ॅडास असताना धडक कशी, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ही यंत्रणा वेग कमी करते, प्रत्येक धडक टाळतेच असं नाही. अंधारात, मागं दिवा नसलेली, बाहेर फुगलेला कापूस भरलेली ट्रॉली कॅमेऱ्याला उशिरा कळते, आणि कापूस रडारच्या लहरी लोखंडासारख्या परतवत नाही. आपल्याकडे रोही (नीलगाय) आडवा येतो म्हणून पुढं लोखंडी गार्ड बसवायची पद्धत आहे. दुरुस्तीनंतर तो सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डिसेंबर २०१७ पासून गार्डवर बंदी आहे, तो रडारच्या नजरेआड येतो आणि धडकेचा जोर एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत कसा पोचतो तेही बदलून टाकतो.

झिरो डेप या क्लेमला आता मिळणार नाही. नूतनीकरणाला जरूर घ्या. ते साधारण पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला मिळतं आणि वर्षाला किती क्लेम चालतील हे पॉलिसीत लिहिलेलं असतं. या खेपेला ते असतं तर १,६१,२५० ऐवजी वजावटीचे १,००० आणि किरकोळ खर्च एवढ्यावर भागलं असतं.

एअरबॅगा यायला वेळ लागेल याची तयारी ठेवा. आत बारूद असल्यानं हा धोकादायक माल, साध्या कुरिअरनं येत नाही. आल्या की बसवण्याआधी डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि लेबलवरच्या पार्ट नंबर-सीरियलचा फोटो घ्या. बिलावर तोच नंबर हवा. बसवताना मिस्तरीनं बॅटरीचा निगेटिव्ह काढून कंपनीनं सांगितलेली काही मिनिटं थांबलं पाहिजे, कारण कंट्रोल युनिटमध्ये साठलेली वीज लगेच उतरत नाही. आणि तेव्हा समोर तोंड करून उभे राहू नका.

गाडी ताब्यात घेताना शेवटच्या स्कॅनचा आणि कॅलिब्रेशनचा कागद घ्या, दिव्याची वर सांगितलेली चाचणी करा. दोन्ही बेल्ट पूर्ण ओढून सोडा, झटका दिल्यावर अडकले पाहिजेत. मग जिथं पट्टे ठळक आहेत अशा चौपदरी रस्त्यावर दिवसा पंधरा-वीस किलोमीटर चालवा. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल, किंवा शेजारच्या लेनमधल्या गाडीसाठी इशारा वाजत असेल, तर तशीच परत वर्कशॉपला न्या. आपोआप ब्रेक लागतो का हे बघायला खोक्यासमोर किंवा कुणाला उभं करून गाडी नेऊ नका. अशी चाचणी कुठलीच कंपनी सांगत नाही, आणि पुठ्ठ्याचं खोकं कित्येकदा रडारला दिसतही नाही.